बदक पडेना

दादाचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत आमच्या द्वारकेच्या घरी माळा आवरताना त्याला बुटांच्या खोक्यात जुना व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, तीन पिवळ्या कॅसेटी आणि एक काळी प्लास्टिकची बंदूक. तीस वर्षांनी तो चालेल अशी मला आशा नव्हती. पण वायरी भिंतीवरच्या ४३ इंची एलईडीला जोडल्या, सवयीने कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि चित्र आलं. 'डक हंट'. गवतातून बदक उडालं, पोराने नेम धरून घोडा ओढला, खट्ट आवाज झाला आणि बदक तसंच उडून गेलं. गवतातून डोकं वर काढून कुत्रा हसला. दहा वेळा, वीस वेळा तेच. शेवटी तो बंदुकीची नळी पडद्याला टेकवून उभा राहिला. तरी बदक पडेना.

"आत्या, ही बिघडलीय," तो म्हणाला.

बंदूक बिघडली नव्हती. बिघडला असेल तर टीव्ही, आणि तोही तसा नवाकोरा होता. लहानपणी आम्हाला वाटायचं की या बंदुकीतून काहीतरी सुटतं आणि पडद्यावर जाऊन आदळतं. खरं तर बंदुकीतून काहीच सुटत नाही, ती फक्त बघते. नळीच्या तोंडाशी भिंग असतं आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग. घोडा ओढला की गेम क्षणभर पूर्ण पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर नेम बसला. हे सगळं सेकंदाच्या काही विसाव्या-तिसाव्या हिश्शात उरकतं. जुन्या टीव्हीत हे जमायचं, कारण यंत्राकडून संकेत आला की त्याच क्षणी पडद्यावर उजेड पडायचा. मध्ये कुणी थांबवणारं नव्हतं. आजचा टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, ताणून आपल्या पडद्याएवढं करतो आणि मग दाखवतो. हा उशीर डोळ्याला कळतही नाही. पण तेवढ्यात बंदुकीचा प्रश्न विचारून झालेला असतो आणि उत्तर उशिरा येतं. त्यातून बंदुकीतलं सर्किट जुन्या पडद्याच्या सेकंदाला पंधरा हजारांच्या घरातल्या लुकलुकीलाच ओळखतं. एलईडीचा एकसंध उजेड तिच्या लेखी उजेडच नाही.

त्या रात्री मला पहिल्यांदा नीट कळलं की खोक्यात सापडलेला गेम अर्धाच होता. उरलेला अर्धा म्हणजे काचेचा तो जाड, फुगीर डबा. तो आम्ही कधीच भंगारवाल्याला दिला होता.

हा लेख त्या डब्याच्या शोधाचा आहे.

लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटात मी पहिल्यांदा १९९४ मध्ये गेले, हा गेम घ्यायला, बाबांचं बोट धरून, त्यांचा दिवाळीचा बोनस झाल्यावर. आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. भारतात निन्टेन्डोचं यंत्र 'सामुराई' या नावाने आलं होतं, पण आमच्या ओळखीच्या कुठल्याच घरात ते नव्हतं. आमच्याकडे होती ती त्याची हुबेहूब नक्कल, 'लिटल मास्टर'च्या जातीची. आतल्या चिप्सही मूळ चिप्सच्या नकला आणि कॅसेटींच्या पोटात चिपवर ओतलेला काळा डांबरासारखा थेंब. कॅसेटवर हजारो गेम असल्याचा दावा असायचा. लावून बघितलं तर दहा-वीस गेम पुन्हापुन्हा, फक्त कुठे तिसऱ्या पातळीपासून सुरू होणारे, कुठे रंग बदललेले. आम्हाला त्याचं काही वाईट वाटायचं नाही. रंग बदलला की गेमही वेगळा, असं आम्ही मानून घेतलं होतं.

गेमने पिक्चर ट्यूब उडते, असं बाबांचं ठाम मत होतं, आणि कॉलनीतल्या सगळ्याच बाबांचं. त्यात तथ्याचा एक कण होता. एकच स्थिर चित्र तासन् तास राहिलं तर आतला लेप त्या जागी झिजू शकतो. त्यामुळे दिवाणखान्यातल्या रंगीत टीव्हीला हात लावायचा नाही, खेळायचं ते आतल्या खोलीतल्या चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइटवर. मुंग्यांमधून चॅनेल शोधत, बटण केसभर फिरवत आम्ही मारिओपर्यंत पोचायचो. दादा आणि मी वर्षभर करड्या रंगाच्या राज्यात धावलो.

आणि म्हणूनच आईच्या लक्षात ते आलं. ती दोसुतीवर भरतकाम करायची. चौकटीच्या कागदावर नमुना, एकेका घरात एकेक फुली. एके संध्याकाळी ती शेंगा सोलत मागे बसली होती. म्हणाली, "अरे, ते झुडूप आणि तो ढग एकच आहे की. वरचा नमुना घेतलाय, नुसता दोरा बदललाय."

हे आता जगभरच्या मारिओवेड्यांना ठाऊक आहे. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधलं झुडूप म्हणजे ढगाचा वरचा भाग, फक्त हिरव्या रंगात. पण रंगीत पडद्यावर हिरवा आणि पांढरा डोळ्याला फसवतात. आमच्याकडे रंगच नव्हता, त्यामुळे उरला तो निव्वळ आकार. आईने भरतकाम करणारीच्या नजरेने तो पकडला. 'दोरा बदलला' हे तिचे शब्द तर तंत्राच्या भाषेतही तंतोतंत बरोबर आहेत. १९८३ मध्ये जपानात आलेल्या या यंत्रात चित्र अखंड साठवायची सोयच नव्हती. पडदा २५६ गुणिले २४० ठिपक्यांचा, आणि तो आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या छोट्या फरशांनी मढवायचा. साध्या कॅसेटमध्ये पार्श्वभूमीसाठी अशा २५६ फरशा आणि हलणाऱ्या पात्रांसाठी २५६, बस्स. प्रत्येक फरशीचा नमुना एकदाच साठवायचा आणि वापरताना सांगायचं की हिला कुठला रंगसंच. पार्श्वभूमीचे चार रंगसंच, पात्रांचे चार. एका वेळी सगळ्या पडद्यावर जास्तीत जास्त २५ रंग. तो अख्खा मारिओ ४० किलोबाइटमध्ये बसला आहे. आज मोबाइलवर आलेला एखादा 'शुभ दीपावली'चा फोटो त्याहून जड असतो.

मारिओची टोपी आणि मिशीही याच कंजुषीतून आली. १९८१ च्या 'डाँकी काँग'साठी शिगेरू मियामोतो यांना सोळा-सोळा ठिपक्यांत माणूस उभा करायचा होता. उडी मारताना केस हलताना दाखवणं अवघड, म्हणून टोपी. तोंड काढायला ठिपके पुरत नाहीत, म्हणून नाकाखाली मिशी. हात अंगापासून वेगळे दिसावेत, म्हणून शर्टावर डांगरी. ही तडजोड आहे असं कुणी म्हणेल. मला ती ठिपक्यांच्या रांगोळीसारखी वाटते. ठिपके मोजून दिलेले असले की हात अधिक विचार करतो.

इथे एक गोष्ट मराठी वाचकाला सांगावीशी वाटते. आठ गुणिले आठच्या घरात इंग्रजी कॅपिटल अक्षर ऐसपैस बसतं. जपान्यांनीही त्या काळी चित्रलिपी बाजूला ठेवून साधी अक्षरमाला वापरली, आणि अक्षरावर द्यायच्या दोन बारक्या रेघांसाठी काही गेममध्ये वरची वेगळी फरशी खर्च केली. आता त्याच घरात 'राष्ट्रीय'मधलं 'ष्ट्री' बसवून बघा. शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, खाली जोडाक्षराची उतरंड. आठ ओळींत ते मावतच नाही. माझ्या लहानपणी एकाही गेममध्ये मला देवनागरीचं एक अक्षर दिसलं नाही, याचं एक कारण त्या फरशीच्या मापातच आहे. बाजार हे दुसरं कारण, आणि ते मोठं. पण हा प्रश्न सुटण्यासारखा होता, आणि संगणकावर तो सोडवलाही गेला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामातून पुण्याच्या सीडॅकने 'जिस्ट' कार्ड आणलं. ते संगणकात बसवलं की भारतीय लिप्या पडद्यावर उमटायच्या. लिपी यंत्रात मावत नसेल तर यंत्राला जोड द्यायची, हा विचार त्यामागे होता. गेमच्या यंत्राला तशी जोड देणारं कुणी आपल्याकडे निघालं नाही.

'काँट्रा' खेळताना दादा आणि मी भांडायचो. गोळ्यांचा पाऊस सुरू झाला की माणसं, गोळ्या, सगळं लुकलुकायला लागायचं आणि "मला गोळी दिसलीच नाही" ही तक्रार रोजची. आम्ही टीव्हीच्या डोक्यावर थापटी मारायचो. पण दोष टीव्हीचा नव्हता. यंत्र एका आडव्या ओळीत आठच हलत्या तुकड्यांना जागा देतं. नववा आला की तो त्या ओळीत दिसतच नाही. मग प्रोग्रॅमरांनी तोड काढली. दर चित्राला तुकड्यांचा क्रम फिरवायचा, म्हणजे या क्षणी तू गायब, पुढच्या क्षणी मी. कुणी कायमचं नाहीसं होत नाही, सगळे आळीपाळीने दिसतात. जुन्या टीव्हीचा लेप क्षणभर उजेड धरून ठेवायचा, उरलेलं काम डोळा करायचा.

आज संगणकावर हे गेम चालवणाऱ्या एम्युलेटरांत एक खूण असते, आठची मर्यादा काढून टाकण्याची. केली की लुकलुक थांबते. मीही ती केली आणि पहिला तासभर खूश होते. मग १९८७ चा 'कॅसलव्हेनिया'चा दुसरा भाग लावला. त्यात नायक दलदलीत उतरतो तेव्हा त्याचे पाय चिखलात बुडालेले दिसतात. मर्यादा काढल्यावर तो चिखलाच्या पुढ्यात सुक्या पायांनी उभा! करणाऱ्यांनी त्या ओळींत मुद्दाम रिकामे तुकडे ठासून भरले होते, म्हणजे आठाची भरती होईल आणि नायकाचे पाय आपोआप कापले जातील. यंत्राचा नकार त्यांनी कात्रीसारखा वापरला होता. मी ती खूण काढून टाकली. तेव्हापासून जुन्या गेममध्ये काही 'सुधारायच्या' आधी मी दहादा विचार करते.

लाजपत राय मार्केट अजून तसंच गजबजलेलं आहे, पण पिवळ्या कॅसेटींच्या जागी आता एचडीएमआयच्या खाचेत खोचायच्या काड्या आल्या आहेत. दहा हजार गेम, दोन बिनतारी रिमोट आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत '४के'. एका दुकानदाराने मला मारिओ लावून दाखवला. रुंद पडद्यावर चित्र दोन्ही बाजूंनी ताणलेलं होतं. मारिओ जाडा झाला होता, नाणी लंबवर्तुळ. शिवाय कडा मऊ करणारं काहीतरी आत चालू होतं, त्यामुळे विटांचे ठिपके एकमेकांत वितळून मेणाची बाहुली व्हावी तसं सगळं गुळगुळीत. ही हौसेने केलेली दुरुस्ती आहे आणि चुकीची आहे. मूळ चित्रकाराने ठिपका ठिपका म्हणून ठेवलेला नव्हता, हे खरं. पण त्याला मऊ करायचं काम त्याने काचेवर सोपवलं होतं, आणि काच ते फार नजाकतीने करायची. त्या यंत्रांचा संकेत टीव्हीच्या एकाआड एक ओळीच उजळायचा, मधल्या ओळी काळ्या राहायच्या. त्यामुळे चित्राला विणीसारखा पोत यायचा. रंगाचा संकेत आडवा थोडा पसरायचा.

या पसरण्यावर सेगा कंपनीच्या चित्रकारांनी तर अख्खा धबधबा उभा केला. मेगा ड्राइव्ह हे त्यांचं यंत्र १९९५ मध्ये शॉ वॉलेसने भारतात आणलं, सुमारे १८,००० रुपयांना. आमच्यासाठी ती काचेआडून बघायची वस्तू होती. त्या यंत्राला पारदर्शक रंग काढताच यायचा नाही. म्हणून १९९१ च्या 'सॉनिक'मध्ये धबधबा उभ्या रेघांचा काढला आहे, एक रेघ पाण्याची, एक मोकळी. साध्या वायरीने जोडलेल्या जुन्या टीव्हीवर या रेघा एकमेकींत मिसळायच्या आणि मागचा डोंगर पाण्यातून दिसायचा. आजच्या पडद्यावर तोच धबधबा खिडकीच्या गजांसारखा दिसतो.

आमच्या पडद्याची आणखी एक खासियत होती. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. जपान-अमेरिकेत ६०. त्यामुळे तिकडच्या मापाने लिहिलेला मारिओ इकडे सहापैकी पाच पावलंच टाकायचा. नकली यंत्रांत संगीताची पट्टी जवळजवळ तीच राहायची, लय मात्र उतरायची. कॉलेजात मी पहिल्यांदा मूळ वेगातलं ते संगीत ऐकलं तेव्हा मला ते घाईत वाजवल्यासारखं वाटलं. अजूनही वाटतं. पडद्याला खाली-वर काळ्या पट्ट्या असायच्या त्याही याच कारणाने. आपल्या टीव्हीच्या ओळी जास्त आणि गेमच्या कमी.

लाजपत रायच्या त्या दुकानदाराला मी बंदूक दाखवली. तो हसला. "मॅडम, इसके लिए डिब्बे वाला टीवी चाहिए. वो यहाँ कहाँ. पालिका में पूछो."

पालिका बाजारात डब्बा टीव्ही मिळाला नाही. कनॉट प्लेसच्या पोटातला हा भुयारी बाजार नकली मालाबद्दलच्या अमेरिकी सरकारच्या बदनाम बाजारांच्या यादीत वर्षानुवर्षं होता. पण दिल्लीच्या दोन पिढ्यांनी गेमची चित्रकला इथेच पाहिली, हेही तितकंच खरं. प्लेस्टेशन २ ला चिप बसवून घ्यायला कॉलेजातली मुलं इथे यायची, आणि बहुतेकांना हवा असायचा २००४ चा 'सॅन अँड्रियास'. तीन शहरं, वाळवंट, डोंगर, आणि यंत्राची स्मृती ३२ मेगाबाइट. एवढं जग एकदम मावत नाही, म्हणून गाडी पुढे जाईल तसा पुढचा रस्ता डिस्कवरून वाचायचा आणि मागचा पुसायचा. लांबच्या इमारती अचानक उगवताना दिसू नयेत म्हणून क्षितिजावर नारिंगी धुरकट हवा भरलेली. २०२१ मध्ये याच गेमची नवी आवृत्ती निघाली तेव्हा ती धूसरता विरळ केली गेली. स्वच्छ हवेत डोंगरावरून खालचं शहर, पलीकडचं शहर, समुद्र, सगळं एका नजरेत दिसू लागलं आणि ते विशाल जग एखाद्या तालुक्याएवढं निघालं. लोक चिडले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या आकाशाची रंगत परत आणायची सोय करावी लागली.

हे वाचलं तेव्हा मी द्वारकेतल्या गच्चीवर उभी होते. दिवाळीनंतरचे दिवस. तिसऱ्या सोसायटीपलीकडे काही दिसत नव्हतं. आमच्या या हवेत कौतुक करण्यासारखं काहीच नाही, दादाचा मुलगा तिच्यामुळे रात्री खोकतो. पण न दिसणारं शहर मोठं वाटतं, हे मला त्या गच्चीवर फार नीट समजलं.

डब्बा टीव्ही शोधताना मला कळलं की मी तो नको त्या टोकाला, विक्रीच्या टोकाला शोधत होते. त्याचा उगम आणि शेवट ही दोन्ही टोकं दिल्लीच्या आसपासच होती. भारतातलं टीव्हीचं प्रक्षेपण दिल्लीतच सुरू झालं, १५ सप्टेंबर १९५९ ला. रंगही दिल्लीच्याच निमित्ताने आला, १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी. मग घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले आणि त्यांच्या पिक्चर ट्यूब इथेच, गाझियाबादहून दादरीकडे जाणाऱ्या जी. टी. रोडवरच्या छपरौला गावात बनायला लागल्या. सॅमटेल कलरचा कारखाना. काचेच्या आतल्या बाजूला लाल, हिरवा, निळा अशा तीन लेपांची सूक्ष्म नक्षी, तिच्यामागे बारीक भोकांची धातूची जाळी, मानेत तीन इलेक्ट्रॉनच्या बंदुका आणि सगळी हवा काढून घेतलेली. मारिओची लाल टोपी म्हणजे अखेर त्या आतल्या लाल लेपाचं चमकणं. शेजारच्या घरातल्या रंगीत पडद्यावर मी ती टोपी पहिल्यांदा लाल पाहिली. तो लेप कदाचित घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या कारखान्यात बसवलेला असेल, असा विचार आता मनात येतो.

चपटे पडदे आले आणि पिक्चर ट्यूबचा धंदा पाहता पाहता आटला. छपरौल्याचा कारखानाही बंद पडला. आणि त्या काचांचा शेवट यमुनेच्या पूर्वेला, सीलमपूरच्या गल्ल्यांत. दिल्लीच्या टाकाऊ इलेक्ट्रॉनिक मालाचं ते सर्वांत मोठं ठिकाण. ट्यूबच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी काढून घ्यायची, कारण पैसा तिच्यात. काच फोडून बाजूला टाकायची, कारण तिला गिऱ्हाईक नाही. त्या काचेत शिसं असतं, मोठ्या टीव्हीत तर किलोच्या मापात. फोडणाऱ्यांच्या हातांत हातमोजे नसतात, हे टॉक्सिक्स लिंकसारख्या संस्था वीस वर्षांहून अधिक काळ लिहीत आल्या आहेत. सॉनिकच्या धबधब्यासाठी हळहळताना मला त्या हातांचा विसर पडू द्यायचा नाही.

टीव्ही अखेर उत्तम नगरला मिळाला, घरापासून दोन मेट्रो स्टेशनांवर. साठी ओलांडलेल्या एका मेकॅनिकच्या दुकानात वरच्या फळीवर २१ इंची डबा होता. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलेला, परत न नेलेला. त्यांनी धूळ पुसली आणि बटण दाबलं. आधी बारीक शिट्टीसारखा आवाज. तो मला आता जेमतेम ऐकू येतो, पोराला लख्ख ऐकू आला. मग काचेवर हात नेला तर अंगावरची लव उभी राहिली. मी वायरी जोडल्या. पोराने दुकानाच्या उंबऱ्यातूनच नेम धरला. पडदा क्षणभर झपकला आणि बदक पडलं. मेकॅनिक म्हणाले, "एक बार मैं भी देखूँ?" आणि त्यांनी सलग सात पाडली.

पैसे त्यांनी भंगाराच्या भावाने, वजनावर घेतले. डबा रिक्षात ठेवताना मात्र थांबवलं. "काँच बाहर की तरफ नहीं, अपनी छाती की तरफ. सारा वज़न उधर ही होता है." लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत दादाने आणि मी तो आळीपाळीने नेला, काच छातीशी धरून. पोरगा पुढे दिवे लावत चालला होता.